मांगं न पाहता गिरकी

नाई, पन मी म्हनतो, साठी उलटलेल्या मानसानं मसनातून नाचत काऊन यावं? सांगा ना तुमी! मसनातून मानूस मान खाली घालून येते, आंघोळ करते, कडूनिंबाचा पाला चावते आन् गुपचूप घरात शिरते. माहा बाप असाच आला, त्याचा बाप असाच आला. आन् आमच्या शेजारच्या मधुकररावाले म्हनते, नाचत ये! तेबी कसं, तं अमेरिकेवानी! आन् म्हननारी कोन? जिची मयत हाये तेच! जिती हाये, खुर्चीवर बसली हाये, चष्मा पुसून राह्यली आन् म्हनून राह्यली, "मधू, पाय हलका ठेव!" आता मानसानं करावं तरी काय?

थांबा, पहिलेपासून सांगतो, नाई तं तुमाले वाटन मीच काही घेऊन आलो.

तुमाले सांगतो, मधुकरराव म्हंजे आमच्या नालवाडीतला सगळ्यात सरळ मानूस. इतका सरळ का कमरेत वाकतच नाई. हापिसात बाबू होता, आता रिटायर. जिंदगीत नाचला नाई. गणपतीच्या मिरवणुकीत पोट्टे नाचत, हा त्यायच्या चपला राखत उभा! सोताच्या वरातीत घोडा नाचला, हा नाई नाचला! आन् घरात त्याची आत्या, आनंदाबाई. याची माय लहानपनीच गेली, तवा आत्यानंच याले वाढवलं. आत्या म्हनन तवा उठला, आत्या म्हनन तवा बसला, लगनबी आत्या म्हनली तवाच केलं. आता आत्या नव्वदीले टेकली. उन्हाळ्यात छातीत दुखलं म्हनून सेवाग्रामले नेलं, तं डॉक्टरनं याले बाजूले घेतलं, "काका, आजींचं हृदय थकलंय. आता त्यांचं मन सांभाळा. मागतील ते द्या." झालं! हा गडी आटोत बसून हुंदके देऊन राह्यला, आन् बाजूले आत्या काय म्हनते? "रडतं काऊन बे? चाय प्यायची हाये मले, थांबव आटो."

मागतील ते द्या! असं मोकळं सांगा लागते का डॉक्टरनं?

कारन तिकून बंगलोरहून आली याची पोरगी, अपेक्षा. दिवसा कम्प्युटरवर नोकरी, संध्याकाळी नाचाचा क्लास. स्विंग म्हनते त्याले. आता नाचाचं तं नाच ना माय! पन नाई, या शिकलेल्या लोकायले नाचाच्या पहिले इतिहास लागते! बसली आजीच्या पलंगावर मोबाईल घेऊन. "आजी, आफ्रिकेतून माणसं साखळीनं बांधून अमेरिकेत आणली, गुलाम केली. न्यू ऑर्लिन्स गावात रविवारी त्यांना थोडी मोकळीक, मग मैदानात जमून ढोल वाजवायचे, नाचायचे…"

"रविवारी? मंग बजाराचा दिवस असन," आत्या म्हने.

"हो, बाजारही भरायचा! पुढे गुलामी संपली, हातात पलटणीचे बाजे आले, कर्णे, क्लॅरनेट… त्यात शेतातली गाणी, चर्चमधली भजनं, ढोलाचा ठेका, सगळं मिसळलं आणि झाला जॅझ."

"म्हंजे खिचडी."

"खिचडीच! मग तीच माणसं कामासाठी उत्तरेला गेली, शिकागो, न्यूयॉर्क. मोठाले बँड झाले, लय अशी झुलायला लागली, तो स्विंग. न्यूयॉर्कला तर एक हॉल होता, तिथं काळे-गोरे एकाच फरशीवर नाचायचे. त्या काळात, आजी!"

आत्या उठूनच बसली. "एका फरशीवर? शिवाशिव नाई?"

"नाही."

"मंग चांगली मानसं व्हती वो."

इथं थांबावं का नाई पोरीनं? इथं थांबली असती तं आज मी तुमच्यापुढं असा बोंबलत नसतो! पन नाई. म्हने, "आणि आजी, तिथं मयतीलाही बँड असतो. जाताना संथ, रडवेला. मूठमाती दिली, की येताना एकदम उडता बाजा, आणि सगळे नाचत घरी!"

आत्यानं बशी खाली ठेवली. चाय तशीच. आन् म्हने, "मधू… मले असंच पाहिजे."

"आत्या, काहीबाही नको बोलू."

"काहीबाही काय? सोताच्या लगनात नाई नाचला, माह्या मयतीत तरी नाच! आन् पहिले तालीम कर. मेल्यावर मले थोडंच दिसनार हाये?"

आता याले काय जवाब हाये तुमच्यापाशी? डॉक्टर म्हनते मागतील ते द्या. मानसानं करावं तरी काय?

गेला बिचारा रत्नदीप बँडवाल्याकडं. मीबी सोबत. रत्नदीप म्हने, "काका, मयतीची सुपारी घेतो आमी. मयत कोनाची हाये?"

"आत्याची."

"अरेरे… कवा गेल्या?"

"गेली नाई. घरी भाजी निवडून राह्यली."

तुमाले सांगतो, त्या मानसाचा चेहरा पाहाले पाहिजे होता तुमी!

तालमीच्या दिवशी आत्या नवं लुगडं नेसून तयार. म्हने, "तिरडी नको. निजलं का आभायच दिसते, मले बाजा पाह्यचा हाये." मंग प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, आमी चौघायनं उचललं, आन् निघाली यात्रा मारोतीच्या पारापावेतो. पार म्हंजे मसन समजाचं. पुढं रत्नदीपचं क्लॅरनेट असं रडून राह्यलं, असं रडून राह्यलं, का मी एका हातानं खुर्ची धरून दुसऱ्यानं डोळे पुसले. समोरच्या घरातून रूपराव धावत आला, हातात हार, उदबत्ती, "गेली वो, आनंदाबाई गेली! मायसारखी बाई गेली!" करत खुर्चीवर आदळला. तं आत्या वरून म्हनते, "रूपराव, हार आनला तं घाल ना गळ्यात. धरून काय ठेवला?" रूपराव तिथंच रस्त्यात फतकल मारून बसला, त्याले पानी पाजा लागलं.

पाराशी पोचलो. खुर्ची ठेवली. आता परतीचा बाजा. रत्नदीपनं जे उडवलं म्हनता, पोट्टे नाचाले लागले, बायका गेटवरून टाळ्या देऊन राह्यल्या! अपेक्षानं बापाचा हात धरला, "बाबा, गुडघे ढिले, खांदे ढिले, आणि आता… गिरकी!" आन् मधुकरराव, चपला राखनारा मधुकरराव, फिरला हो! गरकन फिरला!

तेवढ्यात भैय्याजी बोंबलला, "थांबवा! थांबवा! मांगं पाह्यलं यानं!"

भैय्याजी म्हंजे आमच्या गल्लीत मयतीचा जानकार. बांबू कोनता, दोरी कोनती, मडकं कोन धरन, सगळं तोच सांगते. म्हने, "मसनातून येताना मांगं वळून पाह्यचं नसते, ठावं नाई का तुमाले? मांगं पाह्यलं का गेलेल्याचा जीव अडकते. पाय निघत नाई त्याचा!"

"पण काका, गिरकीशिवाय स्विंग कसा होईल?"

"मले इंग्रजी नाच नको शिकवू पोरी. मसन अमेरिकेतलं नाई, वर्धेतलं हाये!"

बाजा थांबला. सगळे पाहून राह्यले आत्याकडं. आत्यानं इच्यार केला आन् निवाडा दिला, "भैय्याजीचंबी बराबर, पोरीचंबी बराबर. मधू, गिरकी घेजो, पन मांगं न पाहता. ते जमत नाई तवरिक मी या दुनियेतून हालत नाई."

मांगं न पाहता गिरकी! अरे, गिरकी म्हंजेच मांगं पाहनं! पन आत्या म्हनली म्हनल्यावर… अपेक्षा गेली बंगलोरले, मोबाईलवरून शिकवते. इकडं रोज संध्याकाळी आंगनात आत्या खुर्चीवर, मोबाईलवर बाजा, मधुकरराव फिरते, आन् रोज मान मांगं जाते. रोज! "चुकलं!" आत्या वरडते. आमच्या घरी पोळ्या करपते, सगळे कुंपनावर.

परवा सकाळीच मी पान्याची मोटर लावाले मांगच्या बाजूले गेलतो. पाह्यतो तं काय? कडूनिंबाखाली मधुकरराव एकटाच. डोळे गच्च मिटलेले. आन् गिरकी! अशी लोन्यावानी गिरकी का पायाखालचा पाला वाजला नाई. डोळे मिटले म्हनल्यावर मांगं पाहन्याचा सवालच नाई! मी म्हनलं, "अरे लेका, जमते ना तुले! मंग रोज संध्याकाळी काय होते?"

दचकला. चोर सापडावा तसा. इकडंतिकडं पाह्यलं आन् हळूच म्हने, "भैय्याजी काय म्हनला, ऐकलं नाई का तू? मांगं पाह्यलं का जीव अडकते."

"मंग?"

"मंग काय? अडकू दे ना."

मी मोटर सुरू केली आन् आलो घरात.

त्याच संध्याकाळी, तुमाले सांगतो, बाजा लागला, गडी फिरला, आन् फिरता फिरता डोळे टक्क उघडे ठेवून सरळ आत्याच्या खुर्चीकडं पाह्यलं! आत्यानं काठी आपटली, "मेल्या, कवा जमन रे तुले? तुह्या पायी शंभरी गाठू का मी आता?"

आन् मधुकरराव, दोन्ही हात पसरून, रडवेलं तोंड करून, "आता मी करावं तरी काय, आत्या… मान वळतेच!"