ही पेटी तापत नाय

माझं माहेर सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर. पन आयस बोलायची, तू भट्टीवरची, विटांच्या थप्पीमागं झालीस, कारन आमच्याकडे दिवाळी झाली की भात झोडून कनगीत भरायचं, घराला कडी लावायची आनि पोरं, कोंबड्या, तवा सगळं घेऊन भिवंडीकडं निघायचं. शिमग्याला मात्र सगळे परत. मुकादमानं कितीबी अडवलं तरी होळीला मानूस आपल्या पाड्यावर पायजे, नाय आला तं समजायचं तो आपला ऱ्हायला नाय. होळी नाचायची, परत भट्टी, ती पाऊस लागंपर्यंत. मी आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकले ती पन भट्टी चुकवायला. लग्न करून साखरशेतला आले तं तिथं तेच, भात, नाचनी आनि दिवाळीनंतर भट्टी. माझी पोरगी मंजू भट्टीवरच रांगायला लागली, गरम राखेत हात घातला तिनं, अजून डाग हाय. तेव्हा मी ठरवलं ताई, काय पन होऊ दे, आपन ह्या घराला कडी लावून जायचं नाय. मला दुसरं काय नको होतं, दागिना नको, पक्कं घर नको, एवढंच.

मंजूचा बाप, नाव नाय घेत मी त्याचं, जुनी सवय, रागानं नाय, रागानं तं मी त्याला कितीतरी नावं ठेवते, तर मंजूचा बाप एका वर्षी आमच्याबरोबर भट्टीवर आलाच नाय. मुंबईला एका गल्लीत टीव्ही-टेप दुरुस्त करनाऱ्या सेठकडं हमालीला ऱ्हायला, आनि शिमग्याला आला तो डोक्यावर खोका घेऊन. आत राखाडी रंगाची पेटी, वर गोल झाकन, ते उघडून सीडी ठेवायची आनि टीव्हीला जोडून गेम खेळायचा. सासू बोलली हा काय वजनकाटा आनलास, तो बोलला आये, हा आपल्याला बसून खायला घालील. मंग जव्हारला शिंप्याच्या दुकानामागं पत्र्याची खोली भाड्यानं घेतली, जुना टीव्ही, दोन रिमोट, बसायला बाकडं, दाराला माझंच एक लुगडं पडदा म्हनून. पयले मास्तर लोकांची, कारकुनांची पोरं आली, मंग बाजाराच्या दिवशी पाड्यापाड्यावरची यायला लागली, गाडी पळवायची, फायटिंग करायची, आत जागा नसली तं पडद्याच्या फटीतून बघायची. खोली मी चालवायची, पोरं मला मावशी बोलायची. त्या दिवाळीला साखरशेतचे लोक भट्टीला निघाले आनि आमी दारात उभं ऱ्हाऊन त्यांना वाटंला लावलं. काय सांगू तुमाला, मी त्या दिवशी एकटीच आत जाऊन रडले, इतकं बरं वाटलं मला.

पन ती पेटी तापायची. आत करंट जिथं येतो त्याच्या अगदी बाजूला तो काचेचा डोळा, सीडी वाचनारा, मंग गरमीनं तो खाली वाकायचा की झिजायचा काय म्हाईत, गेमच्या आधी जो पिच्चर लागतो तो अडकत अडकत चालायचा, बोलनं एकीकडं आनि तोंड एकीकडं. मंग पोरंच बोलायची मावशी, उलटी कर. उलटी केली की चालायची. वर्षभर ती पेटी माझ्याकडं पोटावर झोपल्यासारखी चालली. मी तिला वारा घालायची ताई, सुपानं, खोटं नाय सांगत, सासू बोलायची एवढा वारा नवऱ्याला नाय घातला कधी.

मंग भाताची लावनी आली. लावनीला खोली बंद, सगळे घरी, पेटी पन साखरशेतला आनली. आमच्याकडे पावसात कपडा सुकत नाय, मीठ पाझरतं, चपलेला बुरशी धरते, धुकं दारातून आत येतं. तं सासूनं काय केलं, पेटी फडक्यात बांधली आनि चुलीवरच्या बांबूच्या माळ्यावर ठेवली. तिथं आमी बियानं ठेवतो, सुकट ठेवतो, धुरानं कीड लागत नाय, दमट होत नाय. लावनी संपल्यावर जव्हारला आनून लावली तं पेटी सीडी बघायलाच तयार नाय. मंजूच्या बापानं उघडली, आतला डोळा काजळीनं काळा, आनि वास सुकटीचा. तो सासूला नाय नाय ते बोलला, अडानी बोलला, सत्यानाश केलास बोलला. सासू शेवटी एवढंच बोलली, अरे, बियानं जिथं सांभाळतं तिथंच ठेवली ना मी. आता मला त्या बाईची चूक वाटतच नाय. घरातल्या सगळ्यात किमती वस्तूची जी जागा ती तिनं त्या पेटीला दिली.

तो पेटी घेऊन मुंबईला गेला. बोलला आठ दिवसांत येतो, आला पोळा झाल्यावर. पन आला तो दुसरी पेटी घेऊन आला, तोच रंग, तेच झाकन, मला वाटलं तीच धुऊनपुसून आनली. वायर लावायला मागं हात घातला तं तीन रंगाची तीन भोकं होती ती नायच, एकच, आनि त्याला वायर वेगळी. वायर मीच लावायची ना, म्हनून मी पेटी मागून ओळखायची. तो बोलला कंपनीनं बदलली, आतून पन बदलली, डोळा गरमीपासून लांब नेला, आता तापनार कमी. मी बोलले बरं झालं, मंग ती जुनी ठेव, हिचं काय बिघडलं तं तिचं काढून लावू. तो हसला. बोलला तिचं हिला बसत नाय. चोरून कॉपी केलेल्या सीडी चालायला आत एक चिप लावायला लागते, ती पन जुनीची नवीला चालत नाय, ती एकटा सेठच लावतो. म्हंजे बघा, तोंड तेच ठेवलं आनि आत सगळं फिरवलं, आनि घेनाऱ्याला कोनी सांगितलं पन नाय. आमच्याकडे बोहाड्यात देवांची सोंगं नाचवतात, त्यांचे मुखवटे दरवर्षी रंगवतात, वर रंग नवा पन आत लाकूड तेच, आजापंज्यापासूनचं. ह्या कंपनीचं उलटं.

आनि मानसाचं पन मी तेच बघितलं. दर पावसाळ्यानंतर काय ना काय बिघडायचं, तो मुंबईला जायचा, पेटी नीट होऊन यायची आनि तो थोडा बदलून यायचा. एकदा आला तं पायात बूट. एकदा आला तं नाचनीची भाकर बाजूला सारली, बोलला पेट में गॅस होता है. मी बोलले माझ्याशी कुठल्या भाषेत बोलतो, तं बोलला सवय झाली. मंजूला उचलायचा पन तिचं बोलनं ऐकायचा नाय, नजर सगळी दाराकडं. तोंड तेच हो ताई, माझ्या मंजूच्या बापाचंच तोंड, आत काय फिरवलं ते मला कसं कळनार.

मंग त्यानं तिसरी पेटी आनली, तिला मागं जी मोठी खाच असायची ती पन बंद केलेली. ती चांगली चालली, पन तोवर पोरांना नवा रिमोट पायजे झाला, दोन काड्यांचा, गाडी ठोकली की हातात थरथरनारा. ज्यांच्या घरी मुंबईचे पावने येत त्यांनी बघितला होता. मावशी, तुझ्याकडं जुनाच हाय का, असं बोलायला लागली. मंजूचा बाप बोलला आनतो. दिवाळी झाल्यावर गेला. मी बोलले रिमोट आनायला किती दिवस, तं बोलला चार दिवस.

शिमगा आला. भट्टीवाले सगळे आले, ट्रक भरभरून, पोरं काळी होऊन आलेली, बायका वाळून गेलेल्या, पन आले. होळी पेटली तरी सासू वाटंवर उभी. मी बोलले आई, चला, नारळ टाका होळीत, तं बोलली थांब गं, शेवटची एस्टी यायची हाय. एस्टी आली, तीन जनं उतरले, त्यातला एक पन आपला नाय. तिनं नारळ मला दिला, बोलली तूच टाक. त्या होळीला मला समजलं. कोनी येऊन सांगायची गरज नव्हती.

तरी सांगायला आलाच एक. चंदर, आमच्या गावचा, मुंबईला टेम्पो चालवायचा. पाऊस सुरू व्हायच्या आधी खोलीवर आला, हातात लहानसा खोका. बोलला वयनी, दादानं पाठवलाय. उघडला तं पेटी, पन अर्धी झालेली, पांढरट, कडा गोल, भाकरीच्या डब्याएवढी, दोन थरथरनारे रिमोट. बोलला दादानं सांगितलंय, ही पेटी तापत नाय, बिघडत नाय, चिप लावून दिलीय, आता वयनीला काय त्रास नाय. मी बोलले आनि तो? चंदर खाली बघून बोलला, वयनी, तिकडं त्याचं घर हाय आता. मी बोलले कसलं घर. तो बोलला घर म्हंजे घर, पोरगा पन झालाय. आनि बाकड्यावर पोरं खेळत होती हो, गाडी पळवत होती, त्यांच्यासमोर मी काय करू. मी चंदरला च्या दिला.

खरंच ती पेटी बिघडली नाय. उलटी करायला लागली नाय, वारा घालायला लागला नाय, पोरं दिवसभर खेळली तरी गार. आनि मी तुमाला मनातलं सांगते, मी तिच्या बिघडायची वाट बघितली. रोज सकाळी बटन दाबताना मला वाटायचं आज लागू नये, आज अडकू दे, मंग मी चंदरकडं निरोप देईन की पेटी बंद पडलीय, घेऊन जा आनि करून आन. दुसऱ्या कुठल्या कारनानं मी त्याला बोलावनार नव्हते, मलाबी मान हाय. बटन दाबलं की लागायचीच. कंपनीनं एकेक करून सगळे दोष काढून टाकले, आनि त्या दोषांपायीच तो जायचा खरा, पन त्या दोषांपायीच परत पन यायचा.

त्या पेटीवर आमी भट्टी चुकवली, हे पन खरं. मला पायजे होतं ते मिळालं. लोक बोलले बाई नशीबवान, बसून खाते. भट्टीवर गेलो असतो तं दोघं गेलो असतो, आनि शिमग्याला दोघं परत आलो असतो, हे कोनाला सांगनार. पुढं जव्हारला दुसऱ्यानं मोठं दुकान काढलं, काळी मोठी नव्या जातीची पेटी, पंखा, खुर्च्या, पोरं तिकडं गेली, मी खोली सोडली, पेटी घरी आनली. आश्रमशाळेत सैपाकाला लागले ती अजून तिथंच. मंजूचं लग्न केलं, वाडा गावाला दिली, जावई कुठं बाहेर जात नाय, घरीच ऱ्हातो, तेवढं मी बघूनच दिली.

सासू गेली तेव्हा मी चंदरकडून कळवलं. दहाव्याला आला. केस पिकलेले, हातात प्लास्टिकची पिशवी, पावन्यासारखा ओटीवर बसला, घरात जायला मला विचारतो, येऊ का आत. विधी झाला, लोक जेवले. मंजू त्याच्यासमोर गेली नाय. जायच्या वेळंला माझ्याजवळ आला, मला वाटलं आता काय तरी बोलनार, आईचं, पोरीचं, माझं, इतक्या वर्षांचं काय तरी. तो बोलला, ती पेटी चालते का अजून? मी बोलले चालते. तो बोलला, बघ, बोललो होतो ना, ही चांगली निघेल. आनि खुश झाला हो. खरंच खुश झाला, की आपन दिलेली वस्तू चांगली निघाली. संध्याकाळच्या एस्टीनं गेला.

आता राग पन जुना झाला, ताई. त्याच्या त्या पोराचं बरं होवो, त्याची काय चूक. तुमी हे लिहून घेता ते घ्या, पन जेवून जा, भात झालाय. तुमच्या घरचं मानूस बाहेर गेलं तं रिकाम्या हातानं येऊ दे, पन येऊ दे.