हेडवरचा चरा

शिलाई मशीनचा वाकलेला दांडा घेऊन शिंपीणबाई लेथवाल्याच्या दारात थांबल्या होत्या. त्यांच्यापुढे एक बहीण-भाऊ होते. भावाच्या हातात स्कूटरच्या इंजिनाचं हेड होतं.

"केवढा चरा हा! गॅस्केट चिकटलेलं म्हणून स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलंस?"

"ताई, ऐक तर..."

"ॲल्युमिनियम मऊ असतं रे. आधी गॅस्केट सैल करायचं औषध लावायचं, ते भिजू द्यायचं, मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं हळूहळू सोडवायचं. बाबांनी जन्मभर हेच शिकवलं ना?"

"बाबांनीच खरवडलंय."

"काहीतरीच काय!"

"मी औषध लावून फोन घ्यायला बाहेर गेलो. येऊन बघतो तर हे. मी ओरडलो, तर म्हणाले, 'मग कशानं काढतात?'"

"तुझी फिरकी घेत असतील."

"मलाही तसंच वाटलं. मी हसलोसुद्धा. पण ते उत्तराची वाट बघत उभेच राहिले गं."

ताईनं हेड हातात घेतलं आणि चऱ्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"बोला," लेथवाला बाहेर आला. "अरे, तुमच्या वडिलांचं गॅरेज ना? तिथं असं काम? कोणी केलं हे?"

"मी," दोघंही एकदमच म्हणाली.

लेथवाला गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला.