फोटोत न आलेला वायू

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संशोधन संस्थेचे संचालक, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, माझे सहकारी, माझ्या घरची माणसं, आणि दाराजवळच्या खुर्च्यांवर बसलेले दादा आणि वहिनी, सर्वांना माझा नमस्कार.

माझ्याआधी बोलणाऱ्यांनी माझं तोंड भरून कौतुक केलं. मॅडमचा आवाज कधी चढलेला ऐकला नाही, असं संचालक साहेब म्हणाले. आभारी आहे, साहेब. आज ऐकाल.

विश्वस्तांपैकी बरेच जण विज्ञानाचे नाहीत, म्हणून थोडं सोपं करून सांगते. कुठलाही पदार्थ बारीक कणांचा असतो. स्थायूत हे कण एकमेकांना घट्ट धरून जागच्या जागी थरथरत असतात. (खुर्चीला चिकटलेल्यांबद्दल मी बोलत नाहीये.) द्रवात ते एकमेकांवरून घसरतात, पण साथ सोडत नाहीत. वायूत मात्र कुणी कुणाचं नाही. वाट फुटेल तिकडे पळायचं आणि मिळेल ती सगळी जागा व्यापायची.

आमच्या तळघरात पेशींचे नमुने गोठवून ठेवलेले असतात. ते गार ठेवायला द्रवरूप नायट्रोजन लागतो. त्यातला एक लिटर उकळून गेला, तर त्याचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो. लहानशा बंद खोलीत हा वायू कुणाची जागा घेतो? आपल्या प्राणवायूची. आणि तो दिसत नाही, त्याला वास नाही. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही. श्वास चालूच राहतो आणि पाय गळून जातात. म्हणून तिथे बाहेर हवा फेकणारा मोठा पंखा आहे. तो बंद असताना नायट्रोजनच्या पिंपाचं झाकण उघडायचं नाही, हा नियम मी केला आणि दादांनी तो वर्षानुवर्षं पाळला. दादा म्हणजे आमचे तंत्रज्ञ. वयानं माझ्याहून लहान, पण अख्ख्या संस्थेचे दादा.

गेल्या वर्षी देणगीदार पाहुणे आले होते. तळघराच्या बरोबर वर सभागृह, आणि पंख्याची घरघर भाषणात येत होती. संचालक साहेबांनी कारकुनाकरवी निरोप धाडला, पंखा बंद करा. त्या पंख्याचं बटण सभागृहाबाहेरच्या बोळात आहे, कारण बांधताना कुणी विचार केला नव्हता. तिथूनच तो बंद झाला. दादांनी उलट निरोप दिला की मग आज पिंपात नायट्रोजन भरणं होणार नाही. त्यावर दुसरा निरोप आला. पाहुणे थोड्या वेळानं खाली येणार आहेत, झाकण उघडून ठेवा, तो पांढरा धूर छान दिसतो, फोटो काढायचे आहेत. साहेबांचा हुकूम म्हणून दादांनी झाकण उघडलं.

साहेब, तो धूर नायट्रोजनचा नव्हे. ते हवेतल्या बाष्पाचे थंडीनं झालेले बारीक थेंब. नायट्रोजन फोटोत येत नाही.

मी खाली पोचले तेव्हा दाराच्या काचेतून मला दादा जमिनीवर पडलेले दिसले. पहारेकरी आत उडी घेणार होता. मी त्याचा पट्टा धरून त्याला मागे ओढलं, कारण तो गेला असता तर दोघं पडले असते. त्याला दार उघडून तिथेच उभं राहायला सांगितलं आणि मी जिना चढून धावले. आपला माणूस आत पडलेला असताना त्याच्याकडे पाठ करून धावणं काय असतं, ते मी इथे सांगू शकणार नाही. बटण दाबलं, घरघर सुरू झाली. सभागृहाचं दार उघडं होतं. साहेब माईकवरून माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो मॅडम, दोन मिनिटं थांबा ना."

दादा वाचले. पण शब्द त्यांना वेळेवर सापडत नाहीत, हात थरथरतो. स्वतःच्या स्वयंपाकघरात जाण्याआधी ते वहिनींना विचारतात, "पंखा लावलाय ना?" वहिनी रोज सांगतात, लावलाय. 

संस्थेच्या चौकशी समितीनं काय लिहिलं? कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. समितीचे अध्यक्ष कोण, हे सांगायला नकोच. दादांची नोकरी गेली. त्या अहवालावर मी सही करावी म्हणून मला तीनदा चहाला बोलावलं. केली नाही. मग निवृत्तीनंतरची माझी मुदतवाढ, जी सगळे गृहीत धरून होते, एकाएकी नियमात बसेनाशी झाली. या समारंभाचं खरं कारण एवढंच आहे. तेव्हा हे स्मृतिचिन्ह मी इथेच टेबलावर ठेवते. कपाटात उगाच धूळ खाईल.

साहेब, उठू नका. झालंच माझं.

ज्या पहारेकऱ्यानं दादांना उचलून बाहेर आणलं, त्याचे आभार. दोन्ही निरोप घेऊन गेलेल्या आणि परवा ते लेखी कबूल करणाऱ्या कारकुनाचे आभार. त्याला घर आहे, लेकरं आहेत, तरी तो भ्यायला नाही. वहिनींचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. ज्यांचा मुद्दाम राखला नाही, त्यांनी माफीची वाट पाहू नये.

शेवटच्या रांगेत एक अनोळखी गृहस्थ बसले आहेत, ते माझे नातेवाईक नाहीत. ते सरकारी सुरक्षा निरीक्षक आहेत, माझ्या तक्रारीवरून आले आहेत. चहा तयार आहे असं कळतं, पण त्यांना आधी तळघर बघायचं आहे. साहेब, किल्ली तुमच्याकडे असते.