गणपत तात्यांनी ठेवलेली फट

जमलेल्या समद्या मायबापहो, आन पुढं बसलेल्या सखुवैनी,

मला बोलाया येत न्हाई. तिसरीत शाळा सुटली, तवापासून हात शेणात. आज मी रडाया उभी न्हाई. किळस आलीय मला. ऐकून घ्या.

मी कौसा. गणपत तात्यांसंग अकरा वर्सं गावाच्या गोठ्यात धारा काढल्या. माझ्याआधी चौघं बोलून गेले. एक म्हणला, तात्या लय भाग्यवान, गोमातेच्या पायाशी मरण आलं. पायाशी? बरगड्या मोडल्या त्यांच्या. गाईचं डोकं आन वाडग्याचा, म्हंजी गुरांच्या कुंपणाचा खांब, ह्याच्या मधी चेंगरलं माणूस. ते भाग्य कसं दिसतं, त्यांच्या बायकोला, ह्या सखुवैनीला विचारा.

दुसरा म्हणला, गाईची बुद्धी फिरली. चार दिवसांची ओली बाळंतीण ती. तिच्या डोक्यात तिचं वासरू व्हतं. दुसरं काय असंल?

तात्या कसं काम करायचे, ते सांगते. वाडग्यात पाय टाकायच्या आधी हाक द्यायचे, "आलो गं बाई, मीच हाय." आधी गाईची मान लाकडाच्या खोड्यात आडकवायची, मंग वासराला हात. गाय आन वासरू, ह्यांच्या मधी कवाच उभं राहायचं न्हाई. एकदा मी वासरू उचललं आन गाईकडं पाठ करून निघाले. असे वरडले! "कौसे, लेकरू पळवायलीस का? तिला तसंच दिसायलंय!" मी म्हणलं, "घ्या तुमचं लेकरू, मला घरी चार हायत." हसले. पण आधी मला बाहेर काढलं, मंगच हसले.

आन ती फट. वाडग्याच्या कोपऱ्यात त्यांनी दोन खांबांमधी फट ठेवलेली. माणूस आंग आडवं करून निघतं, गाय निघत न्हाई. लोकं टिंगल करायची, "तात्या, एवढं दार असताना फट कशाला?" तात्या म्हणायचे, "दार गाईला. फट मला." दोनदा ते त्या फटीतून वाचले. एकदा मी वाचले.

वसुबारसेला काय केलं आपण?

पूजा करा, कोण न्हाई म्हणतंय? तात्या दरसाल सांगायचे, ताज्या व्यालेल्या गाईची पूजा वाडग्याच्या बाहेरून करा. औंदा गोठ्याच्या अध्यक्षाला फोटू पायजे व्हता. वासरू कवेत, गाय बाजूला, मागं त्याच्या नावाचा, फोटूचा फ्लेक्स. फ्लेक्स कुठं बांधला? फटीवर. तारेनं. पक्का.

तात्या म्हणले, "साहेब, तेवढी जागा सोडा."

"पाच मिनिटाचं काम हाय तात्या. गाय हाय ती, वाघ न्हाई."

साहेब, खाली बघू नका. हेच म्हणलात का न्हाई? मी तिथंच हळदी-कुकवाचं ताट घेऊन उभी व्हते. समदं ऐकलं. आन गप बसले. मला माझी बी किळस येती.

वासरू तुमच्या कवेत हंबरलं. फोटूसाठी खोड्याबाहेर बांधलेल्या गाईनं दावं तोडलं. तुमी वासरू टाकून दारातून पळालात आन जाताना दार वढून घेतलं. तात्या तुमच्या आन गाईच्या मधी शिरले व्हते. ते पळाले फटीकडं. अकरा वर्सांची सवय. दोन्ही हात फ्लेक्सवर आपटले त्यांचे. तुमच्या फोटूवर.

आता म्हणतेत, गाय मारकी हाय, बाजारात काढा. तिनं तिचं लेकरू राखलं. आपल्याला आपलं माणूस राखता आलं का?

आन आज पहाटं धारेला गेले तर काय बघावं? तात्यांना श्रद्धांजलीचा फ्लेक्स. हसरा फोटू. त्याच फटीवर. त्याच तारेनं! मी सोडायला गेले, तर म्हणतेत, "राहू द्या कौसाबाई, गेलेल्या माणसाची इज्जत हाय." थू असल्या इज्जतीवर!

उद्या डॉक्टर यायलाय, वासरांच्या कानाला बिल्ले मारायला. वाडग्यात कोण शिरणार? एक मी. आन दुसरी ही सखुवैनी, उद्यापासून तात्यांच्या जागी कामाला. एका घरातून किती माणसं पायजेत तुमाला?

आता दोन मिनिटं उभं राहायचं म्हणतेत. इथं न्हाई. मी पक्कड आणलीय. समदे गोठ्यावर चला. तार मी कापते, फ्लेक्स साहेब धरतील. फट मोकळी झाली, की तिच्यासमोर उभं राहून काय गप बसायचं ते बसा.

तात्या, रामराम घ्या माझा.

आन तुमी, उठा आता.