कांद्याचा पापुद्रा आणि 'अय्या'

मंगळवार, सकाळचे साडेदहा, रेणापूर तालुक्यातली एक शाळा, खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केलेला सातवीचा वर्ग. आणि त्या अंधारात मला म्हणतात, टाळ्या वाजवा! का वाजवू? उभी हयात बातमीदारीत गेली, तुम्हाला सांगतो, टाळ्या आधी आणि बघणं नंतर असलं की माझं डोकं ठणकतं... पण मुख्याध्यापक मृत्युंजय सर आपले कानाशी, "साहेब, पोरांनी स्वतः केलाय. अभ्यासाची गोडीच लागली हो! व्हिडिओ लई भारी झालाय!"

बरं, बघितला. एकेक पोर येतं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतं, कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी बघतं आणि म्हणतं, "अय्या, किती सुंदर!" दुसरं, "अय्या, किती सुंदर!" तिसरं दांडगं पोरगं, मिसरूड फुटू लागलेलं, तेही "अय्या"! अहो, रेणापुरात अय्या कोण म्हणतं? इथं साप दिसला तरी "आगं माय" आणि ताटात जिलेबी दिसली तरी "आगं माय"! म्हटलं, इथं पाणी मुरतंय.

उठलो, खिडकीची सतरंजी सारली, प्रयोगाचं कपाट उघडायला लावलं, सूक्ष्मदर्शक उजेडात धरून डोळा लावला... नुसता भगभगीत उजेड!

"सर, पेशी कुठायत?"

"त्यात काय बघता साहेब, व्हिडिओ बघा! लई भारी झालाय!"

तेवढ्यात वर्षाराणी, व्हिडिओत पहिली झळकलेली पोरगी, हळूच म्हणाली, "त्यात भिंगच न्हाई, काका. मी पयल्यांदा म्हनले, सर, कायबी दिसंना. सर म्हनले, कट!"

बघा! पोरगी खरं बोलली ते कापलं, आणि खोटं बोलली त्याला मागून बासरी लावली!

"पेशी असती कशी वो, काका? तुमी कालेजात बघितली असंल."

मी कला शाखेचा! काय सांगू, कप्पाळ?

"भिंग आलं की तुला पयलं दाखवतो, म्हनलेत सर. पन आमची शाळा सातवीपतुरच हाय की."

छापलं मी! मथळाच दिला, भिंग कुठं गेलं? मृत्युंजय सर म्हणाले, "माझ्या आधीचं हाय." आधीचे सर म्हणाले, "मी तर भिंगासकट देऊन आलो." आणि तालुक्याचे शिक्षण खात्याचे साहेब? "बातमी वाचायची राहिली हो, पण व्हिडिओ लई भारी झालाय!" वर तालुक्याच्या व्हिडिओ स्पर्धेत त्यालाच पहिलं बक्षीस दिलं. काय दिलं, सांगू? मोबाइल उभा करायचा स्टँड!

सातवीचा वार्षिक निकाल लागला. दाखला घेऊन निघालेली वर्षाराणी फाटकात भेटली. म्हणाली, "सहावीचा व्हिडिओ चालू हाय, काका. स्टँडवर. 'अय्या' म्हनायला मीच शिकवले त्यांना."

आणि भिंग? ते कुणी नेलं, हे आजतागायत कुणीही सांगितलेलं नाही.