आउटपुटले शून्य

तुम्ही हसाल, पण डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायरनं मले एकदा रडवलं होतं. डिप्लोमाची शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा होती. त्यात नापास झाली असती तर बुटीबोरीची ठरलेली नोकरी गेली असती.

मी आणि माझ्या मैत्रिणीनं, वैशालीनं, दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट जोडलं. पेपरात लिहिल्याप्रमाणे दोन्हीकडे एकच सिग्नल दिला, तर आउटपुटले शून्य. ट्रान्झिस्टर बदलले, वायरी बदलल्या, तरी शून्यच.

"काहून वं, जळलं काय?" वैशाली म्हणाली.

तेवढ्यात परीक्षक सर आले. मी रडवेल्या आवाजात म्हटलं, "सर, काहीच येऊन नाही राहिलं."

त्यांनी वाकून पाहिलं. "बरोबर आहे. हे सर्किट दोन सिग्नलमधला फरक वाढवते. दोन्हीकडे एकच दिला तर फरक कुठून येईल? सकाळपासून इतकं चांगलं शून्य कोणाचंच आलं नाही. कसं जमवलं?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. "सर," मी खरं सांगून टाकलं, "आम्ही तर दोन तासांपासून हे दुरुस्त करून राहिलो."

दोघी पास झालो, नोकरीही लागली. पण शून्यच पाहिजे होतं तर दोन ट्रान्झिस्टर कशाले लावले, हे मले आजही समजलं नाही.