गुरुजींची वेबसाइट

खोपटच्या एसटी स्टँडवर, पुण्याच्या गाडीच्या रांगेत, ऋजुताच्या मागे एक गुरुजी मुलावर तापले होते.

“बाबा, हे सर्च कन्सोल बघा. महिन्यात चार हजार लोक आपल्या साइटवर आलेत.”

“आणि फोन एक! तोही शिऱ्यात केळं कधी घालायचं ते विचारायला!”

“पण गूगलवर पहिला नंबर आहे आपला.”

“काय शोधल्यावर येतो तो नंबर? वाच मोठ्याने!”

“‘गुरुजींशिवाय सत्यनारायण कसा घालावा.’”

“सगळा पूजाविधी लिहून द्या, साइट वर येईल, असं तूच म्हणालास ना? आली वर! माझ्याच पोटावर पाय देऊन आली! काढून टाक तो विधी, आत्ताच्या आत्ता!”

ऋजुता गर्रकन वळली.

“गुरुजी, प्लीज, रविवारपर्यंत राहू द्या ना. आमच्याकडे पूजा आहे.”